इवायांचा चीजकेक

आमच्या व्याह्यांच्या हाती राज्यकारभार दिला, तर ते पहिल्या दिवशी पोह्यांवर बंदी घालतील, दुसऱ्या दिवशी प्रत्येक घराच्या खिडकीला चक्क्याचं फडकं टांगणं सक्तीचं करतील आणि तिसऱ्या दिवशी कुणी काय नाष्टा केला हे बघत दारोदार फिरता फिरता राज्य करायचंच विसरून जातील. व्याही म्हणजे माझ्या लेकीचे, प्रज्ञाचे सासरे. आमच्या धाराशिवकडं या नात्याला 'इवाई' म्हणतात आणि हे नातं भलतं ताठ असतं. इवाई आला की पलंगावर नवी चादर टाकायची, त्यानं दोन घास कमी खायचे, आपण चार घास जास्त वाढायचे आणि दोघांनी मिळून पाऊसपाण्याचं बोलायचं, असा शिरस्ता. माझे वडील त्यांच्या व्याह्यांकडं गेले की तहान लागली तरी पाणी मागत नसत. गावाबाहेर आल्यावर हापशावर पीत. आणि माझ्या वाट्याला आलेले हे व्याही पहिल्याच भेटीत सरळ माझ्या स्वयंपाकघरात शिरले.

प्रज्ञाला बघायला मंडळी कळंबला आली होती. मी शाळेत शिकवते, त्यामुळं परीक्षा घेणं मला नवीन नाही, पण त्या दिवशी परीक्षा माझीच होती. मुलाच्या मामांनी शिक्षण विचारलं, आत्यांनी उंची विचारली. हे गृहस्थ मात्र ताटली हातात धरून पोह्यांकडं असे बघत होते, जसा पंचनामा करायला आलेला माणूस बघतो. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "हे पोहे कुणी केले?" प्रज्ञानं मान खाली घालून "मी" म्हटलं.  ते म्हणाले, "पोरी, पोहे चांगलेच हायत. पण तुला येगळं काय येतंय, ते का न्हाय केलंस?" प्रज्ञा गडबडली आणि खरं बोलून गेली, की तिला भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा सुशीला चांगला येतो, पण बघायला येणाऱ्यांपुढं असलं काही कसं ठेवायचं. त्यावर ते उठले, "मुरमुरे हायत का घरात?" असं मला विचारत आत गेले आणि थोड्या वेळानं दोघांनी मिळून केलेला, कैरी किसून घातलेला सुशीला घेऊन बाहेर आले. आमच्या ह्यांना वाटलं सोयरीक मोडली. प्रत्यक्षात ती तिथंच, कढईजवळ जमली होती.

व्याही माकणीचे. उभी नोकरी त्यांनी तिथल्या धरणावर, दरवाजे उघडण्या-मिटण्याच्या कामावर काढली. तेवढी वर्षं स्वयंपाकघर त्यांच्या तावडीतून सुटलं होतं. निवृत्त झाले, मुलानं मोबाइल हाती दिला आणि कुठलं तरी बटण दाबलं जाऊन त्यांना एक गोरी बाई चीजकेक करताना दिसली. आवाज कसा वाढवायचा ते ठाऊक नव्हतं, आणि वाढवला असता तरी इंग्रजी कळलं नसतं. पण बाईच्या हातातलं पांढरं गुबगुबीत प्रकरण बघून त्यांनी ठरवून टाकलं, की हा आपला चक्का आहे आणि गोऱ्या लोकांनी त्याला उगीच दुसरं नाव दिलंय. म्हशीच्या दुधाचं दही फडक्यात बांधून खिडकीच्या गजाला टांगलं, भूमकडचा खवा आणला, बिस्किटांचा चुरा तुपात कालवून डब्याच्या तळाशी थापला. ओव्हन नव्हता. शेजारच्या मुसलमान चाचींनी सांगितलं, की दम देतात तसे वर-खाली निखारे ठेवा, सगळं जमतं. पहिला चीजकेक वरून करपला, मध्ये थरथरला आणि खाली लाकडासारखा झाला. तो माझ्या विहीणबाईंनी, चाचींनी आणि गल्लीतल्या दोन कुत्र्यांनी मिळून संपवला. पण हे हटले नाहीत. कुकरमध्ये मीठ घालून झालं, वाफेवर झालं, तळाला बिस्किटांऐवजी शेंगदाणे-गूळ झालं, एकदा शिळ्या भाकरीचा भुगाही झाला. सीताफळं आली की सीताफळाचा, बोरं आली की बोरांचा. धरणाची भाषा मात्र सुटली नाही. दूध ओतताना ते 'विसर्ग' म्हणत, गॅस 'एक इंच उघडा' म्हणत, आणि चक्का गळायचा थांबला की 'आवक बंद झाली' असं जाहीर करत.

एवढं करून गप्प बसले असते तर मी त्यांच्याबद्दल लिहिलं नसतं. त्यांना स्वतः खाण्यापेक्षा दुसऱ्याला सुचवण्याची भूक मोठी होती. माझी सकाळची शाळा. मी डबा भरत असताना मोबाइल वाजायचा आणि व्याह्यांचा आवाज स्वयंपाकघरभर पसरायचा. "इहीनबाई, जय भीम. काय करायलाव? पोहे का? पोहे ही सवय हाय, नाष्टा न्हाय." मग त्या दिवसाची सूचना. ज्वारीच्या कण्या भाजून उप्पीट करा. हुलग्याचं पीठ असेल तर धपाटे लावा, वर लोणी नको, दही. रात्रीची भाकरी उरली असेल तर कुस्करून, कांद्यावर परतून, वर कच्चे शेंगदाणे. शेवटी, नाष्टा कसा झाला ते कळवा, ही ताकीद. मी 'छान झाला' असा चार-पाच सेकंदांचा आवाजी निरोप पाठवून सुटका करून घेई. त्यावर दुसऱ्या दिवशी तक्रार यायची, की 'छान' हे काही उत्तर झालं नाही, मीठ सांगा. एस.टी.त शेजारी बसलेल्या बाईला ते लोहाऱ्यापासून धाराशिवपर्यंत चक्का टांगायचा कसा ते समजावत. बाई उतरताना त्यांचा फोन नंबर घेऊन उतरायची. तुळजापुरात एका नाष्ट्याच्या हॉटेलात सुशीला कोरडा निघाला म्हणून ते भटारखान्यात शिरले होते. आचाऱ्यानं आधी झारा उगारला आणि शेवटी चहा पाजून सोडलं, असं विहीणबाई सांगतात. ते स्वतः फक्त चहाचं सांगतात.

आणि हसता हसता हेही सांगायला हवं, की त्यांच्या या आगाऊपणाचा कंटाळा आला असं म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही. माकणीत एका घरी तरणा मुलगा गेला. माणसं भेटायला येत, डोळे पुसत, जात. हे गेले, आईजवळ थोडं बसले आणि उठून चुलीकडं गेले. त्या माउलीनं मुलगा गेल्यापासून घास घेतला नव्हता. यांनी ज्वारीचं पातळ आंबील केलं, ताक आणि मीठ घातलं, आणि वाटी पुढं धरून एवढंच म्हणाले, की हे गिळायला जोर लागत नाही. तिनं ते घेतलं. हे मला विहीणबाईंनी सांगितलं. त्या मोजकं बोलणाऱ्या. नवऱ्याबद्दल एवढी वाक्यं सलग बोलल्याचं मी तेव्हाच ऐकलं.

तर प्रज्ञाला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नामकरण आमच्याकडं कळंबला ठरलं. आमच्यात नामकरणाला खीर असतेच. सुजातानं बुद्धांना दिली तेव्हापासून खिरीचा मान कुणी काढलेला नाही. पण आजोबांनी जाहीर केलं की आल्यागेल्या सगळ्यांना चीजकेक, आणि तो ते स्वतः घेऊन येणार. दिवस मे महिन्याचे. आमच्या कळंबला मे महिन्यात सावलीलासुद्धा घाम येतो. ह्यांनी हळूच सुचवून पाहिलं, की थोडाच आणा, आपल्यापुरता. त्यावर माकणीहून उत्तर आलं, की नात आपल्या एकट्याचीच थोडी हाय.

दुसरीकडं आमच्या घरात आत्याबाई दाखल झाल्या होत्या. ह्यांच्या आत्या, सगळं घर त्यांना आत्याबाईच म्हणतं. ऐंशीच्या घरात वय, तोंडात नावाला दात, आवाज मात्र शाबूत. चीजकेकचं कानावर जाताच त्यांनी नाक मुरडलं, दुधाची किटली मागवली, गहू कांडून घेतले आणि कुणालाही न विचारता चुलाणावर मोठं पातेलं चढवलं. खिरीशिवाय लेकराचं नाव ठेवायचं हे त्यांच्या हयातीत होणार नव्हतं. आत्याबाईंना अडवण्याची आमच्या घरात पद्धत नाही.

व्याह्यांनी थर्माकोलच्या खोक्यांत बर्फ भरून, त्यात स्टीलचे डबे ठेवून जीप केली होती. येडशीच्या पुढं जीप पंक्चर झाली, आणि जादाचं चाकही बसकं निघालं. भर उन्हात रस्त्याच्या कडेला हे डब्यांवर स्वतःचं उपरणं धरून उभे होते. ते पोचले तेव्हा बौद्धाचार्यांची वंदना संपत आली होती. बाळाचं नाव मैत्री ठेवलं, टाळ्या झाल्या, आणि व्याह्यांनी सगळ्यांसमोर पहिला डबा उघडला. आत पांढरं तळं झालं होतं आणि त्यात बिस्किटांची बेटं तरंगत होती. दुसरा उघडला, तिथंही तेच. ते डब्याकडं बघत राहिले. तेवढ्यात आत्याबाईंनी पुढं होऊन बोट बुडवलं, चाखलं आणि त्यांच्या त्या शाबूत आवाजात विचारलं, "ही खीर नासली का काय?"

मांडवभर हशा पिकला. वाईट मनानं कुणी हसलं नाही; पण सत्तर-ऐंशी माणसं एकदम हसली की तो आवाज कसा येतो, हे हसणाऱ्याला कळत नाही. व्याहीसुद्धा हसले. मग त्यांची नजर आतल्या चुलाणाकडं गेली. तिथं गव्हाच्या खिरीचं पातेलं वाफाळत होतं. त्यांनी डबे मिटले, बाजूला नेऊन ठेवले, बाह्या सारल्या आणि स्वतः ओगराळं घेऊन पंगतीला खीर वाढली. प्रत्येकाला आग्रह केला. आत्याबाईंनाही दोनदा वाढली. उन्हं उतरल्यावर नातीच्या कपाळावरून हात फिरवून, डबे तिथंच सोडून निघून गेले. जाताना मला म्हणाले, "खीर लई चांगली झाली, इहीनबाई." आणि मीठ-साखरेबद्दल एक शब्दही नाही. तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी मोबाइल वाजला नाही. मला आधी बरं वाटलं. मग आठवडा गेला, महिना गेला. माझ्या घरात रोज पोहे व्हायला लागले. ह्यांना खाण्यातलं काही कळतं असं मला कधी वाटलं नव्हतं. पण एका सकाळी ताटली बाजूला सरकवत ते म्हणाले, की इवायांना एकदा फोन तरी कर. मी केला. तब्येत बरी, पाऊस बरा, मैत्री कशी, एवढं बोलून त्यांनी फोन विहीणबाईंकडं दिला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, की यांनी घरातले उरलेले डबे वाटून टाकले, खिडकीचं फडकं काढलं. वाढलेलं खातात आणि धरणाच्या भिंतीवर जाऊन बसतात. नातीला बघायला चला म्हटलं, तर पुढं बघू म्हणतात. जावई सोलापूरहून येऊन बापाशी बोलून गेले, उपयोग झाला नाही. प्रज्ञा बाळाला पाजता पाजता रडली. तिला वाटत होतं, की आपल्या माहेरात सासऱ्यांचा अपमान झाला आणि आता ही गाठ जन्मभर राहणार. अशा गाठी राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. पानसुपारी दिली नाही म्हणून तीस वर्षं न बोललेले इवाई आमच्याच गल्लीत आहेत.

हे सगळं आत्याबाईंच्या कानावर गेलं. त्यांनी कोपऱ्यातली काठी जवळ ओढली. मग म्हणाल्या, "मला माकणीला न्या." मी म्हटलं, एवढा प्रवास झेपणार नाही. त्यावर त्यांनी पिशवीत लुगडं कोंबायला सुरुवात केली.

आम्ही गेलो. मी, मैत्रीला घेतलेली प्रज्ञा, आणि मागच्या सीटवर उशी लावून आत्याबाई. व्याही ओट्यावर बसले होते. नातीला बघून त्यांचा चेहरा फुलला, आणि मागून काठी टेकत येणाऱ्या आत्याबाई दिसताच पुन्हा मिटला. पाणी झालं, चहा झाला, पाऊसपाण्याचं बोलणं झालं. आयुष्यात पहिल्यांदाच ते खऱ्याखुऱ्या इवायासारखे वागत होते आणि मला ते बघवत नव्हतं. शेवटी आत्याबाईंनीच कप खाली ठेवला.

"त्या दिवशी तुमी डबे झाकून ठिवले ना," त्या म्हणाल्या, "त्यातला एक म्या रातच्याला संपिवला."

व्याह्यांनी मान वर केली.

"सगळा. चमच्यानं. पोरं म्हणत्यात आत्याला मऊ भात द्या, आत्याला खिचडी द्या. चव असलेलं मऊ कुणी देत न्हाय. म्या नासली म्हणलं, कारण मला नावच ठावं नव्हतं. आता पुन्ना करा."

ते म्हणाले, की आता सोडलं ते सगळं, वय झालं. आत्याबाईंनी त्यांच्याकडं नीट बघितलं, बहुतेक त्यांच्या आणि आपल्या वयातला फरक मोजत असाव्यात. मग म्हणाल्या, की मी एवढ्या लांब भाकरी खायला आले नाही.  थोड्या वेळानं आतून विहीणबाईंचा आवाज आला, की दही किती लागंल. आणि ओट्यावर बसलेला माणूस उठून आत गेला. चाचींना देऊन टाकलेला आपलाच एक डबा परत मागून आणला. संध्याकाळी खिडकीच्या गजाला फडकं लागलं. चक्का गळायला रात्र जाणार होती, म्हणून आम्ही मुक्काम केला. गव्हाचा भरडा तुपात भाजून गुळात घट्ट शिजवायचा आणि तो तळाला थापायचा, ही सूचना आत्याबाईंची. दुसरं कुणी तरी आपल्यालाच सूचना करतंय हे व्याह्यांना पचवायला जरा वेळ लागला. मग म्हणाले, "करून बघू."

दुसऱ्या दिवशी सगळं घरातल्या फ्रिजमध्ये गार होईपर्यंत दुपार झाली, तरी आम्ही कुणी नाष्टा केला नव्हता. तोच नाष्टा धरला. व्याह्यांनी सुरी घेतली आणि डब्यातून पहिला तुकडा काढून ताटलीत ठेवला. तो उभा राहिला. पांढरा, कडा सरळ, खाली गव्हाचा तांबूस थर. आत्याबाईंनी खाल्ला, जिभेनं टाळूला लावून लावून खाल्ला, आणि सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत असताना म्हणाल्या, की मीठ चिमूटभर कमी आहे. व्याह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत त्यांना कुणीतरी नीट उत्तर दिलं होतं.

त्यानंतर सकाळचे फोन पुन्हा सुरू झाले, फक्त ते माझ्यासाठी उरले नाहीत. "इहीनबाई, फोन आत्याबाईकडं द्या." आत्याबाई आमच्याकडंच राहायला आल्या होत्या. त्यांना मोबाइलवर बोलायचं म्हणजे माकणीपर्यंत आवाज पोचला पाहिजे असं वाटे, आणि तो बहुतेक फोनशिवायही पोचत असावा. दोघं जायफळावरून भांडत. चार-पाच महिन्यांतून एकदा एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती डबा येई. मैत्रीचं उष्टावणही त्यातल्याच बोटभर चक्क्यानं झालं.

गेल्या हिवाळ्यात आत्याबाई गेल्या. झोपेतच गेल्या, कुणाला त्रास न देता. त्यांच्या पुण्यानुमोदनाला गावची माणसं जमली, वंदना झाली. व्याही आदल्या दिवशीच आले होते. त्यांनी कुणाला हात लावू न देता खीर केली, आत्याबाईंच्या पद्धतीनं, गहू स्वतः कांडून. माणसं जेवून गेल्यावर मी मागच्या अंगणात गेले तर ते घासलेल्या पातेल्याशेजारी पायरीवर बसले होते. गुडघे दुखतात आताशा त्यांचे. उठताना भिंत धरतात. मीही शेजारी बसले. व्याही आणि विहीण एका पायरीवर बसलेले माझ्या वडिलांनी पाहिले असते तर त्यांनी डोळे मिटून घेतले असते.

त्यांनी रिकाम्या पातेल्याच्या काठावरून हात फिरवला. मग ते म्हणाले, "मऊ खाणारं माणूस गेलं. आता कुणासाठी करायचं?"

 जे खरं होतं ते मी सांगितलं, की माझीही एक दाढ गेल्या महिन्यात काढली, दुसरी हलतेय.

त्यांनी माझ्याकडं वळून गंभीरपणे विचारलं, "कुठल्या बाजूची?"

"उजव्या."

 त्यांनी माझ्या डाव्या गालाकडं बघितलं. आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच सूचना नव्हती, विनवणी होती.

"मग डावीकडनं चावता येतंय की अजून," ते म्हणाले. "घाई करू नका, इहीनबाई."